कानाचा पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची हवा

मराठीत आपण ज्याला कानाचा पडदा म्हणतो, त्याला हिब्रूत 'तोफ हा-ओझेन' म्हणतात, म्हणजे कानाचा डफ. ही आपली गोळे टाकणारी तोफ नव्हे. समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती घेतला तो तोफ. अरबीत त्याचे नाव 'तबलत अल-उझुन', आणि त्यातला तबला तर आपल्या ओळखीचाच आहे. पडदा नुसता आडोसा करतो, हा अवयव मात्र वाजतो. म्हणून ही दोन नावे अधिक नेमकी वाटतात.

रचना व कार्य

कानाच्या छिद्रापासून सुमारे अडीच सेंटीमीटर आत हा पडदा तिरपा बसलेला असतो. त्याचा व्यास ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. त्याला तीन थर असतात : बाहेर त्वचा, मध्ये ताण धरणारे तंतू आणि आत ओलसर अस्तर. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा व चमकदार दिसतो.

आवाजाच्या लाटांनी पडदा थरथरतो. ती थरथर हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून आतल्या कानाच्या खिडकीवर पोहोचते. त्या खिडकीपलीकडे द्रव असतो. हवेतला आवाज थेट द्रवावर आपटला तर बहुतेक परत फिरेल. पण पडद्याचे क्षेत्र खिडकीच्या सुमारे १७ पट असते, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते, आणि दाब सुमारे २० पट वाढून आवाज आत शिरतो.

दाबाचे गणित

डफ नीट वाजायला कातडे मोकळे हलले पाहिजे. त्यासाठी पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा लागतो. बाहेरची हवा कानाच्या छिद्रातून येते. आतली हवा नाकाच्या मागे, घशात उघडणाऱ्या युस्टेशियन नळीतून. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते. यरुशलेमहून मृत समुद्राकडे मोटार उतरू लागली की कान दडपतात आणि आवंढा गिळताच मोकळे होतात, ते यामुळेच. खंडाळ्याच्या घाटातही हाच अनुभव येतो.

पाण्यात हे गणित फार कठोर होते. कुवेत शहराच्या आग्नेयेला सलवा ही आज समुद्राकाठची वस्ती आहे. तेलाचे दिवस येण्यापूर्वी याच आखातातून मोती काढणे हा कुवेतचा मोठा धंदा होता. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड अडकवून, एका दमात तळ गाठत. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. आतली हवा तितक्या वेगाने भरली नाही, तर पडदा आत ओढला जातो, दुखतो आणि काही मीटरांतच फाटू शकतो. कानातून रक्त, मग पू, मग बहिरेपण, हे त्या धंद्यातले नेहमीचे दुखणे होते. ते मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. त्यांच्या किमतीत पाणबुड्याचा कान मात्र कोणी धरत नसे.

पडद्याचे विकार

आपल्या घरांत पडदा फाटतो तो बहुधा दुसऱ्या कारणांनी : सर्दीनंतर मध्यकर्णात साठलेला पू, कानशिलात लगावलेली चपराक, स्फोटाचा दणका, किंवा कान कोरायची काडी. लहान मुलांची नळी आखूड व आडवी असते, म्हणून त्यांचे कान वारंवार दुखतात. कधी दुखत नाही, पण पडद्यामागे चिकट द्रव साठतो आणि मूल हाका ऐकत नाही. त्याला हट्टी ठरवण्याआधी कान तपासावा.

ताजे लहान छिद्र कोरडे ठेवले तर बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते. न भरल्यास कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन पडदा सांधता येतो. अशा शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात जर्मनीत विकसित झाल्या. कानातून सतत दुर्गंधी पू येत असेल तर दुर्लक्ष करू नये. पडद्यामागे वाढणारी त्वचेची गाठ आसपासचे हाड झिजवते.

काय करावे, काय टाळावे

आपले पूर्वज कोकणातले शनवार तेली. तेल आपल्या घरचे, म्हणून कान दुखला की लसूण घालून कढवलेले तेल ओतायची सवय अनेक घरांत अजून आहे. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते, आणि गरम असेल तर भाजते. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तेल नको, थेंबही नकोत. काही थेंब आतल्या कानाला अपाय करतात. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा. विमान उतरताना मोठ्यांनी गोळी चघळावी, तान्ह्याला दूध पाजावे. दाट सर्दीत पाण्यात बुडी मारू नये. ऐकू एकाएकी कमी झाले, चक्कर आली किंवा चेहरा वाकडा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या डॉक्टरला मराठीत नाक-कान-घसा तज्ज्ञ म्हणतात आणि हिब्रूत 'अफ-ओझेन-गरोन', म्हणजे शब्दश: तेच. नाक आणि घसा यांच्यामध्ये कान दोन्ही भाषांनी उगाच बसवलेला नाही. सर्दी वेळेवर बरी करणे, हीच पडद्याची पहिली राखण.