आगीचा हिशोब आणि खरे आकडे

भिलाईच्या नेहरू नगरमधून पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहे. फौजेत आम्ही एक गोष्ट शिकलो: नकाशा चुकीचा असेल तर शिस्तीत चालणारी तुकडीही शिस्तीतच चुकते. आगीच्या हिशोबाचंही तसंच आहे.

आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. मांडवाला आग लागली तर बाहेर पडायला किती वेळ मिळेल, हे तिला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. म्हणाली, "काका, एफडीएस सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण कापड, बांबू, फोम यांचे आकडे कुठून आणू?"

प्रश्न लाखमोलाचा. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २००० साली खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर धूर आणि उष्णता कशी पसरेल ते दाखवतं. पण वस्तूची माहिती आपण द्यायची. चूक दिली तरी ते कुरकुर करत नाही, सुबक चित्र काढून देतं!

उदाहरण घ्या. घनमीटरभर लाकडाचं वजन सुमारे ६०० किलो, गादीच्या फोमचं सुमारे ३०. फोम उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून त्याचा वरचा थर लगेच तापतो. घनता, उष्णतावाहकता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार जितका लहान, तितकी वस्तू लवकर पेटते. फोमचा हा गुणाकार लाकडाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो.

मग आकडे मिळवायचे कसे? घनता घरच्या काट्यावरही निघते. बाकीच्यांसाठी प्रयोगशाळा. कोन कॅलरीमीटरमध्ये १० सेंटिमीटर चौरस तुकडा ठरावीक उष्णतेखाली जाळतात आणि किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजतात. एक किलो ऑक्सिजनमागे साधारण १३.१ मेगाज्यूल उष्णता निघते, त्यावरून आगीचा जोर कळतो. दुसऱ्या चाचणीत काही मिलिग्रॅम नमुना हळूहळू तापवून कोणत्या तापमानाला वजन घटतं ते पाहतात.

छापील तक्ते वापरा, पण जाडी, ओलावा आणि चाचणीतली उष्णता जुळते का ते बघा. नुसतं 'पॉलिएस्टर' लिहून भागत नाही. अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापड वेगळं जळतं. आणि आधी कॉम्प्युटरवर तो छोटा तुकडाच जाळून पाहा. प्रयोगाशी जुळला, तरच मांडवाकडे वळा.

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. वर बांबू आणि ताडपत्रीचं छत होतं. अशा ठिकाणी मिनिटं नाही, सेकंद मोजावे लागतात.

त्या मुलीने अहवालात आता एक उत्तर न देता दोन दिली आहेत: कमीत कमी वेळ आणि जास्तीत जास्त वेळ. दारं किती हवीत, हे मात्र तिने कमीत कमी वेळेवरच ठरवलं. मला ते पटलं. शत्रूची ताकद कमी धरून मोर्चा बांधायचा नसतो.

जय हिंद. भेटू पुढच्या भागात.