वीस मिनिटांनी बंद पडणारा एसी

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. मी जिथे जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच.

तर झालं असं. जुलै महिना, पुण्यात रात्रीचे साडेदहा, बाहेर पाऊस, आणि मावसभावाचा व्हिडिओ कॉल. दादा गेली चार वर्षं अमेरिकेत सेमी ट्रक चालवतो. त्याच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ, इंटरस्टेट १० वरच्या एका ट्रक स्टॉपवर तो उभा होता. रात्रभर गाडी चालवून आला होता आणि आता झोपायचं होतं. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, दुपारी पंचेचाळीस होणार.

"अरे, मागचा एसी वीस मिनिटं चालतो आणि बंद पडतो. मेकॅनिक फोनवर म्हणाला गॅस गेलाय. तू इंजिनिअर ना? सांग काय करू."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण आपल्याकडे घरात एक इंजिनिअर असला की पंख्यापासून प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात, हे तुम्हाला माहीतच आहे.

हा प्रश्न नुसत्या घामाचा नव्हता. तिथल्या नियमानुसार ड्रायव्हरने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची आणि मग सलग १० तास विश्रांती घ्यायची. ती विश्रांती कुठे? सीटच्या मागच्या छोट्या खोलीत, म्हणजे स्लीपरमध्ये. बंद पत्र्याच्या खोलीत उन्हात झोप लागत नाही, शिवाय उष्माघाताची भीती. आणि झोप झाली नाही तर संध्याकाळी तोच माणूस ३६ टनांचं धूड घेऊन रस्त्यावर. म्हणून मी त्याला पहिलं सांगितलं, "दादा, आधी ट्रक स्टॉपच्या आत जाऊन बस, पाणी पी. मग बघू."

"इंजिन चालू ठेवून झोप ना!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण उभ्या ट्रकचं इंजिन तासाला साधारण ३ लिटर डिझेल पितं, म्हणून त्याच्या कंपनीने इंजिन काही मिनिटांत आपोआप बंद होईल असा टायमर टाकलाय. आणि पुढे तासाभरातच कॅलिफोर्नियाची हद्द. तिथे काही ठरावीक कमी प्रदूषणाची इंजिनं सोडली तर ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन असं चालू ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे अशा ट्रकमध्ये बऱ्याचदा दोन वेगळे एसी असतात, आणि इथेच निम्मा घोटाळा होतो.

पहिला एसी इंजिनवर चालणारा. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. पुढे डॅशबोर्डमागे एक इव्हॅपोरेटर आणि मागे बेडखाली दुसरा. दुसरा एसी उभ्या गाडीसाठी, वेगळ्या बॅटऱ्यांवर किंवा छोट्या डिझेल जनरेटरवर चालणारा. दादाच्या ट्रकमध्ये चार बॅटऱ्यांवर चालणारं ७,५०० बीटीयूचं युनिट आहे, म्हणजे आपल्या घरच्या एक टनाच्या एसीपेक्षाही लहान.

मी विचारलं, "इंजिन चालू असताना मागे गार हवा येते?"

"येते की. एकदम गार."

म्हणजे इंजिनवाला एसी ठणठणीत आणि बिघाड उभ्या गाडीच्या एसीत. मेकॅनिकने हे विचारलंच नव्हतं.

उलटं असतं, म्हणजे इंजिन चालू असताना पुढे गार आणि मागे गरम, तर वेगळा रस्ता धरावा लागला असता. मागे हवाच कमी येत असेल तर बेडखालचा फिल्टर बघायचा. तो कित्येकांना असतो हेच माहीत नसतं, आणि तिथे मोज्यांपासून कुत्र्याच्या केसांपर्यंत काहीही निघतं. हवा भरपूर पण गरम असेल तर गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकलेली असू शकते, किंवा हीटरचं गरम पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसतो. गॅस थोडा कमी असेल तरी पुष्कळदा आधी मागेच जाणवतं. म्हणून 'पुढे गार आहे, म्हणजे गॅस पूर्ण आहे' असंही छातीठोक म्हणता येत नाही.

गॅसबद्दल एक सांगतोच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. आणि बंद एसीला गेज लावून 'प्रेशर आहे, म्हणजे गॅस भरपूर' असं समजणंही चूक. घरचा सिलिंडर आठवा: निम्मा संपला तरी ज्योत तशीच असते, कारण आत थोडा जरी द्रव असेल तरी दाब तापमानावर ठरतो. ४० अंशांना आर-१३४ए चा दाब साधारण १३० पीएसआय, मग गॅस पूर्ण असो की निम्मा. किती उरलाय हे वजनावरच कळतं, आणि एसीतही तो वजनावरच भरतात. अमेरिकेत गाडीच्या एसीचं हे काम पैसे घेऊन करायचं तर सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि गॅस हवेत सोडणं गुन्हा आहे.

आता दादाकडे वळू. वीस मिनिटं नीट गार आणि मग एकदम बंद, हे गॅस कमी असल्याचं लक्षण वाटत नव्हतं. मला तर हा ओळखीचा बग वाटला. टेस्टिंगला सगळं ठीक आणि लोड आला की कोसळतं, तो प्रकार. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की असं युनिट स्वतःला बंद करतं.

दादाकडे मल्टिमीटर होता. एसी बंद असताना बॅटरीवर १२.७ व्होल्ट आणि बेडखाली युनिटच्या टोकालाही १२.७. "बघ, बॅटरी भरलेली आहे," दादा म्हणाला. मी म्हटलं, एसी चालू कर, पंधरा मिनिटं थांब आणि बंद पडायच्या आत पुन्हा मोज. बॅटरीवर १२.३, युनिटवर ११.१!

मधले १.२ व्होल्ट वायरच्या रस्त्यात कोणीतरी खात होतं. ते शोधायला मीटरची एक टोकणी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्यावरच्याच वायरीच्या टोकावर ठेवायची, एसी चालू असताना. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. निगेटिव्हच्या एका जोडावर आलं ०.९. युनिट ४५ अँपिअर ओढतं, म्हणजे त्या एवढ्याशा जोडात ४० वॉट उष्णता, सोल्डरिंग आयर्नइतकी. जोड तापतो, अडथळा वाढतो, व्होल्टेज आणखी पडतो आणि विसाव्या मिनिटाला युनिट मान टाकतं. बंद पडलं की करंट शून्य, त्यामुळे मीटरवर पुन्हा सगळं आलबेल.

(आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. वायरींचे जोड आपल्या धुळीत आणि पावसात कसे टिकतात, ते बघायचं.)

एसी बंद केला. आधी निगेटिव्ह वायर सोडवली, कारण पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ठिणगीचा फटाकाच. तारेच्या ब्रशने जोड घासला, आवळला, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडली. पुन्हा मोजलं: ०.३. तात्पुरतं चालेल असं. पुढच्या काचेवर उन्हाची चादर लावायला सांगितली आणि स्लीपरचा पडदा ओढून घ्यायला, म्हणजे त्या लहानशा एसीला अख्खी केबिन गार करावी लागणार नाही.

माझ्याकडे रात्रीचे साडेबारा झाले होते. सकाळी उठलो तर दादाचा मेसेज: "सहा तास झोपलो."

दोन दिवसांनी त्याने वायरीचं टोक बदलून घेतलं आणि जुन्याचा फोटो पाठवला. वरचं काळं आवरण धडधाकट आणि आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, निम्म्या तुटलेल्या. खाली लिहिलं होतं, "मेकॅनिक विचारत होता, आलाच आहेस तर गॅस पण भरू का?"