अक्षर न ओळखणारी फाइल

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांत हळदीच्या रात्री धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नगीतं, आणि डीजेचे भोंगे एकाच मांडवात नांदतात. जरा रंग चढला की नवरीचा मामा नाहीतर काकी माइककडे सरकते. डीजे ट्रॅक लावतो, पडद्यावर ओळ उमटते आणि शब्दाशब्दाने रंग बदलत जाते. वर्च्युअल डीजेसारख्या सॉफ्टवेअरमध्ये यामागे बरेचदा दोन फायली असतात : एक एमपी३, दुसरी सीडीजी. गंमत अशी की त्या दुसऱ्या फाइलमध्ये गाण्याचं एकही अक्षर नसतं.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर आवाजाच्या जोडीने आठ अगदी अरुंद वाटा होत्या. गाणं कुठे सुरू होतं, किती वेळ झाला, हे सांगायला दोन पुरल्या. उरलेल्या सहा वाटांवर पुढे चित्र बसवलं गेलं; तीच ही सीडीजी. जागा इतकी तुटपुंजी, की पडदा जेमतेम ३०० बाय २१६ ठिपक्यांचा आणि एका वेळी रंग फक्त १६. या पडद्याच्या ६ बाय १२ ठिपक्यांच्या ९०० चौकटी पाडल्या. सेकंदाला ३०० हुकूम सुटतात आणि एका हुकुमात फार तर एक चौकट चितारता येते. म्हणजे अख्खा पडदा असा भरायला ३ सेकंद! काकी एक ओळ म्हणत असतात तेव्हा पुढची ओळ कुठेतरी खाली तुकड्यातुकड्याने उमटत असते. रंग पालटायचा तर त्याच चौकटीतले नेमके ठिपके उलटवायचे, बस.

लिहायचं नाही, नुसतं चितारायचं, म्हणूनच देवनागरीला इथे अडचण नाही. फाँट चुकला की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटतं, हा संगणकावरचा जुना ताप आपण सगळ्यांनीच सोसलाय. सीडीजीला 'ज्ञ' काय आणि तुळशीवृंदावन काय, सगळे ठिपकेच.

फाइलमध्ये घड्याळही नाही. एक हुकूम २४ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ७,२०० बाइट. गाण्याचं एक मिनिट झालं की फाइल ४,३२,००० बाइट पुढे गेलेली असते. मोजणी हीच वेळ. त्यामुळे डीजेने लय दहा टक्क्यांनी उतरवली, तर हुकूम सेकंदाला २७० सुटतात आणि शब्द गाण्याला धरूनच राहतात. पण एमपी३च्या सुरुवातीची दोन सेकंदांची शांतता कुणी हौसेने छाटली असेल, तर शब्द शेवटपर्यंत दोन सेकंद मागे. मुखडा सोडून थेट अंतऱ्यावर उडी मारली तर आणखी मजा. यंत्रमागावरचं कापड जसं आधीच्या धाग्यांशिवाय मधूनच विणता येत नाही, तसंच हे चित्र. सॉफ्टवेअरला सुरुवातीपासूनचे हुकूम क्षणात पुन्हा गिरवावे लागतात, नाहीतर पडद्यावर अक्षरांची लक्तरं दिसतात.

दोन्ही फायलींची नावं तंतोतंत एकच का हवीत, हेही यातून कळतं. सीडीजीला आपण कुठल्या गाण्याची, याचा पत्ता नसतो. जोडी जमते ती नावावरून. एकीत जास्तीची मोकळी जागा पडली तरी नुसता आवाज येतो. दोघींना एकाच झिपमध्ये बांधून ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. लॅपटॉपचा दुसरा पडदा 'एक्स्टेंड'वर ठेवावा. 'डुप्लिकेट' ठेवला, तर डीजेची सगळी यादी वऱ्हाडाला दिसते आणि फर्माइशींना ऊत येतो.

मग पट्टी. काकी 'काळी दोन' सांगतात, सॉफ्टवेअर स्वरांची घरं मोजतं : उणे तीन, अधिक दोन. आजची सॉफ्टवेअर लय तशीच ठेवून स्वर वरखाली करतात, म्हणून शब्द जागचे हलत नाहीत. मात्र पाच-सहा घरं सरकवली की सनई पिपाणीसारखी वाजू लागते. अशा वेळी काकींना दुसरं गाणं सुचवणारा डीजे मला जास्त जाणकार वाटतो. रात्री दहाला भोंगे बंद करायचे असतात आणि मामांची पाळी अजून यायचीच असते.