मोटारीच्या गाद्या आणि ऊन पाणी
मोटारीच्या गादीवरील धूळ झटकली कीं जाते. परंतु घाम, तेल व सांडलेलें दूध कापडाखालच्या फोमपर्यंत मुरतें. तेथें कुंचा पोंचत नाहीं. अशा वेळीं ऊन पाणी फवारून तें मळासह परत शोषून घेणारें, हातीं नेण्याजोगें यंत्र उपयोगी पडतें. उष्णतेनें तेलकट चिकटा सैल होतो. मात्र दुधाचे वा रक्ताचे डाग आधीं थंड पाण्यानेंच काढावे; उष्णतेनें त्यांतील प्रथिनें गोठतात व डाग पक्का होतो. फवारा एकदां, तर शोषण दोनतीनदां, हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. आंत राहिलेलें पाणी मळाहून वाईट. त्यानें बुरशी धरते, आणि बंद गाडींत मुलांच्या व दमेकऱ्यांच्या श्वासांत तीच जाते. म्हणून दारें उघडीं ठेवून गादी पूर्ण वाळवावी. पावसाळ्यांत हें काम उघडीप पाहूनच काढावें.