योनिमार्गाच्या कर्करोगावर उपचार काय?

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि अचानक अंगावरून लाल जातं. लाजेपोटी अनेकजणी ते घरातही बोलत नाहीत. गर्भपिशवी काढलेली असली तरी योनिमार्गाचा कर्करोग होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. आजार दुर्मीळ आहे. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांत त्याचा वाटा एक-दोन टक्के. बऱ्याचदा मुळाशी एचपीव्ही विषाणू असतो.

पेशी फक्त बदलू लागल्या असतील तर लेझर, मलम किंवा तेवढाच भाग काढणं पुरतं. गाठ लहान आणि योनीच्या वरच्या भागात असेल तर शस्त्रक्रिया करता येते. पण मूत्राशय आणि गुदाशय अगदी खेटून असल्याने बहुतेकींसाठी मुख्य उपचार किरणोपचारच. साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून किरण देतात. सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची सलाईन. त्यानंतर ब्रॅकीथेरपी: योनीत नळी बसवून किरणांचा स्रोत थेट गाठीजवळ नेतात. आजार दूरवर पसरला असेल तर केमोथेरपीवर भर असतो.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा, संकोच नको. किरणांमुळे योनी आखडते, कोरडी पडते. डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी जेल लावून आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं वापरली, तर मार्ग मोकळा राहायला मदत होते. पुढची तपासणी आणि शरीरसंबंध दोन्ही कमी त्रासाचे होतात. डायलेटरबद्दल उपचार संपतानाच सांगितलं जायला हवं. पाळी चालू असलेल्या बाईची पाळीही किरणांनी थांबू शकते, म्हणून मूल हवं असेल तर ते बोलणं उपचार सुरू होण्याआधी.