पन्नासची लेन्स आणि तांबेकर वाडा

विमानात हातात एकच बॅग आणि तीही सात किलोंची, हा नियम एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ झालाय. त्याचा खरा चटका बसतो तो कॅमेरावाल्यांना. सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत आणि लेन्स टाकायची छाती होत नाही. २४-७० आणि ७०-२०० या एफ २.८ च्या दोन झूमच दोन किलोंच्या आसपास जातात. मग कपडे कशात न्यायचे? म्हणून सुट्टीला निघालेला जो तो हल्ली विचारतो, एकच लेन्स न्यायची तर कोणती?

दुकानात याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक तर १८-३०० सारखी ‘सगळं एकात’ झूम, नाहीतर ‘पन्नास एक-आठ घ्या साहेब, स्वस्त आणि मस्त’. मला दोन्ही पटत नाहीत, दुसरं तर मुळीच नाही. का पटत नाही हे बघायचं असेल तर बडोद्याच्या दांडिया बाजारात या.

इथून हाकेच्या अंतरावर तांबेकर वाडा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा तीन मजली मराठी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या दालनात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीलांपासून लढायांपर्यंत. उजेड बेताचा, जागा त्याहून बेताची, आणि अशा चित्रांवर फ्लॅश तर मारायचाच नसतो.

पन्नासची लेन्स स्वतः वाईट नाही. वजन १६० ग्रॅम, उजेड भरपूर घेते. पण आपल्यातल्या बहुतेकांचा कॅमेरा क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असतो आणि त्यावर ती ७५-८० सारखी वागते. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहिलं तर चौकटीत जेमतेम ९० सेंटिमीटर भिंत मावते. आणखी मागे सरकावं तर पाठ खांबाला टेकते. त्याच जागेवरून २४ ची लेन्स पावणेदोन मीटरहून जास्त भिंत घेते. कॅननची २४ एफ २.८ ही चपटी लेन्स सव्वाशे ग्रॅमची आहे. मिररलेसवाल्यांसाठी २८ एफ २.८ आहे, ती १२० ग्रॅमची.

वाड्याबाहेरही तेच. गणपतीत दांडिया बाजारात शिरलात की समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. पन्नासने चेहरे सुरेख येतील, पण ते बडोद्याचे की नाशिकचे हे फोटोवरून कळणार नाही. मागची लाकडी सज्जाची घरं, दुकानाची पाटी, वरून डोकावणाऱ्या आजी हे सगळं चौकटीबाहेर.

‘सगळं एकात’ झूमची गोष्ट वेगळी. ती साडेपाचशे ग्रॅमची, म्हणजे हलकी म्हणवत नाही, आणि लांबच्या टोकाला एफ ६.३ वर येते. नवरात्रात रात्री गरबा टिपताना एफ २ च्या लेन्सच्या मानाने तिला जवळपास दहावा हिस्सा उजेड मिळतो. घेर धरलेल्या बायकांचे हात धूसर होतात आणि मग दोष कॅमेऱ्याला.

या वादात मला नेहमी होमाई व्यारावाला आठवतात. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९७० मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला आणि पुढे त्या बडोद्याला आल्या. २०१२ मध्ये जाईपर्यंत त्या बडोदेकरच होत्या. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक असे, तसाच रोलायफ्लेक्सही. या रोलायफ्लेक्सची लेन्स निघतच नाही. ७५ किंवा ८० मिलिमीटर, आजच्या फुलफ्रेमच्या हिशेबात साधारण ४० ते ४५. एका रोलवर बारा फोटो. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, त्यामुळे समोरच्याला फोटो काढणाऱ्याचा चेहरा दिसत राहतो. जवळचं हवं तर पुढे जायचं, पसारा हवा तर मागे. दिल्लीतल्या सत्तांतराच्या धामधुमीत वावरलेल्या या बाईंनी १९५६ मध्ये नथू ला मार्गे सिक्कीममध्ये आलेले तरुण दलाई लामाही टिपले. झूमविना त्यांचं अडलं नाही. आपलं दीव-सोमनाथला कसं अडतं, हे मला कळत नाही.

बाजारही फिरून तिथेच आलाय, फक्त पैसे जास्त घेतो. फुजीच्या २०२४ च्या एक्स१०० सिक्सला लेन्स बदलता येत नाही, ३५ मिलिमीटरसारखा घेर मिळतो, आणि तो आला तेव्हा त्यासाठी लोकांनी दीड लाखाच्या आसपास मोजून वर नंबर लावले. सोनीने २०२५ मध्ये आरएक्स१आर थ्री आणला, त्यातही पक्की ३५. मी म्हणतो, आहे त्याच कॅमेऱ्यावर क्रॉपला २३-२४, फुलफ्रेमला ३५ किंवा ४० चढवा. निकॉनची ४० एफ २ तर १७० ग्रॅमची आहे.

वढवाणा तळ्यावर पक्षी बघायला जाणार असाल तर हे सगळं विसरा. तिथे लांब लेन्सला पर्याय नाही. कच्छच्या रणात मात्र झूमवाले ‘लेन्स बदलताना सेन्सरवर खारी धूळ बसते’ असं सांगतात, ते खरंच आहे. पण जवळ एकच लेन्स असेल तर बदलणार कशाशी?

पैसे घालण्याआधी घरच्या संगणकावर जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. बहुतेकांचा ढीग १८ ते ३५ च्या मध्ये निघतो. मग किट लेन्स २४ वर आणून चिकटपट्टी लावा आणि रविवारी सूरसागर तलावावर चक्कर मारा. गैरसोय वाटली नाही तर घ्या.

जुनी घेत असाल तर दुकानातच मागून टॉर्च मारून आरपार बघा. आत कोळिष्टकासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कातडी पाकिटात लेन्स ठेवली की दोन-तीन वर्षांत ही वेळ येऊ शकते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुडीतल्या निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाकायचे, फक्त तो तवा पोळ्यांचा नसावा.