एक वेबसाइट, अनेक फोन: गटाचं दुकान सगळ्यांना उघडावं म्हणून

आज आपण वेबसाइटविषयी बोलणार आहोत. ‘आम्हाला काय त्यातलं कळतंय’ म्हणून रेडिओ बंद करू नका. वेबसाइट बांधणं हे दुसऱ्याचं काम असेल, पण ती नीट बांधली आहे का हे पाहणं आपल्याला येऊ शकतं. पैसे आपले लागतात, माल आपला असतो, मग पारख दुसऱ्यावर का सोडायची?

समजा, एका गटाने मसाले, पापड, शेवया विकायला वेबसाइट करून घेतली. बचतीतून पैसे काढले. करणाऱ्या मुलाने बैठकीत लॅपटॉपवर दाखवली. फोटो सुंदर, रंग सुंदर. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेले पैसे देऊन टाकले. पण गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येत नाही. कुणाचा फोन चार वर्षांचा जुना, कुणाचा पडदा लहान, कुणी अक्षर मोठं करून ठेवलेलं. त्यांच्या फोनवर नावांवर नावं चढतात आणि ‘ऑर्डर करा’ हे बटण पडद्याच्या उजवीकडे बाहेर जातं. गिऱ्हाईक फोन करून तक्रार करत नाही. ते गुपचूप दुसऱ्या दुकानात जातं. इकडे गटाला वाटतं की आपल्या मसाल्यालाच मागणी नाही. खरा दोष कळतच नाही, हे यातलं मोठं नुकसान.

ब्राउझर म्हणजे कोण?

फोनवर वेबसाइट दाखवणारं जे ॲप असतं, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा मिनी, आयफोनवरचं सफारी, सॅमसंगच्या फोनवरचं सॅमसंग इंटरनेट, ही सगळी ब्राउझरची नावं.

आपल्याला वाटतं की वेबसाइट म्हणजे छापलेलं पोस्टर, सगळीकडे सारखंच दिसणार. तसं नसतं. वेबसाइट ही लिहून पाठवलेली कृती असते, पुरणपोळीच्या कृतीसारखी. ‘इथे मोठा मथळा घाल, त्याखाली यादी घाल, शेजारी फोटो ठेव’ अशा सूचना त्यात असतात. त्या वाचून पान तयार करतो तो ब्राउझर. कृती एकच, पण कोणी चुलीवर करतं, कोणी गॅसवर. पोळी थोडी लहानमोठी होणार, पण पुरण बाहेर येता कामा नये. वेबसाइटचंही तेच. सगळ्या फोनवर ती तंतोतंत सारखी दिसावी, हा हट्ट नको. सगळ्या फोनवर ती वाचता यावी आणि वापरता यावी, एवढं मात्र हवंच.

हा घोळ जुना आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. पुढे 1994 मध्ये नेटस्केप आणि 1995 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आला. दोघांत चढाओढ लागली. प्रत्येकाने आपापल्या खास सूचना काढल्या, ज्या दुसऱ्याला कळत नसत. मग वेबसाइटवर पाटी लागायची, ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल’. म्हणजे दुकानदाराने सांगावं की लाल चप्पल घालून आलात तरच आत या! यातून मार्ग काढायला सगळ्यांसाठी समान नियम हळूहळू पक्के होत गेले. ते नियम पाळून बांधलेली वेबसाइट आज बहुतेक ब्राउझरमध्ये नीट चालते. अडचण येते ती नियम सोडून घाईने बांधलेल्या पानांची.

मराठी अक्षरांचा धडा

आपल्या मराठीने हा त्रास खूप सोसला आहे. सुरुवातीच्या अनेक मराठी वेबसाइटी आपापल्या खास फॉण्टवर चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉण्ट संगणकावर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसायची.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. यात जगातल्या लिपींमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. आपल्या ‘क’चा क्रमांक 2325. फोन कुठलाही असो, 2325 म्हणजे ‘क’च. म्हणून वेबसाइटवरचं मराठी युनिकोडमध्ये असलं पाहिजे.

आता काही जण दुसरी पळवाट काढतात. सगळा मजकूर फोटोवर लिहितात आणि तो फोटो वेबसाइटवर चिकटवतात. दिसायला छान, पण फोटोतली अक्षरं मोठी केली की फुटतात, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपला त्या फोटोत काय लिहिलंय हे सहसा कळत नाही. मसाल्याचा भाव फोटोत असेल, तर तो न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव नाहीच. याची पारख सोपी आहे. भावाच्या आकड्यावर बोट दाबून धरा. आकडा निवडला गेला तर तो खरा मजकूर. नाही निवडला गेला, तर तो फोटो आहे का, हे करणाऱ्याला विचारा.

मांडणी: झंपर की लुगडं?

शिवलेलं झंपर एकाच मापाच्या बाईला बसतं. लुगडं मात्र बारीक बाईला, जाड बाईला, उंच बाईला, सगळ्यांना नेसता येतं. वेबसाइटची मांडणी लुगड्यासारखी हवी. पडदा लहान झाला की शेजारचे रकाने एकाखाली एक यावेत, फोटो आपोआप लहान व्हावा, ओळी मोडून खाली याव्यात.

यासाठी जगभर मान्य असलेले नियम आहेत. त्यांना ‘वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’, थोडक्यात डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती 1999 मध्ये आली आणि 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये. त्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवू. एक, अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मजकूर कापला जाऊ नये. दोन, लहान फोनवर वाचताना पान डावीकडे-उजवीकडे ओढावं लागू नये. तीन, अक्षर आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक हवा. साध्या मजकुरासाठी हा फरक किमान 4.5 ला 1 असावा लागतो. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरं शेतात उन्हात उभं राहून वाचायचा प्रयत्न करा, म्हणजे हा नियम का आहे ते कळेल.

वाट: ऐकणाऱ्यालाही सापडली पाहिजे

सख्यांनो, आत्ता तुम्ही मला बघत नाही, नुसतं ऐकताय. ज्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही, ती वेबसाइट अशीच ऐकते. तिच्या फोनमधलं ॲप पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनवर त्याला टॉकबॅक म्हणतात. संगणकावर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे.

ऐकणाऱ्याला सगळं एकापाठोपाठ एकच येतं. समजा, पानाच्या वर वीस गोष्टींची यादी आहे: मुख्य पान, आमच्याविषयी, पुरस्कार, फोटो आणि असंच पुढे. प्रत्येक नवं पान उघडलं की ती वीस नावं पुन्हा ऐकायची का? रेडिओवर दर गाण्याआधी वीस जाहिराती लावल्यासारखंच ते. म्हणून चांगल्या वेबसाइटवर सुरुवातीलाच ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी वाट ठेवतात. शिवाय मथळे हे खरे मथळे म्हणून लिहिलेले असतात, नुसती जाड अक्षरं नसतात. मग ऐकणारी बाई एका मथळ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारू शकते.

दुसरी गोष्ट नावांची. पानावर दहा ठिकाणी ‘इथे दाबा’ लिहिलं, तर ऐकणाऱ्याला दहा वेळा ‘इथे दाबा’ ऐकू येतं. इथे म्हणजे कुठे? त्यापेक्षा ‘गोडा मसाला मागवा’, ‘पापडाचे भाव पाहा’ असं लिहावं. यात डोळस माणसाचाही फायदा आहे.

तिसरी गोष्ट, यादी पानोपानी त्याच जागी आणि त्याच क्रमाने हवी. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी रोज जागा बदलू लागली, तर काय होईल? तसंच हे.

चौथी गोष्ट, वर तीन आडव्या रेघांचं चिन्ह दाबल्यावर उघडणारी यादी. ती काही ब्राउझरमध्ये उघडतच नाही. ऑपेरा मिनीमध्ये डेटा फार वाचवायची सोय चालू असली, की पान आधी कंपनीच्या संगणकावर लहान होतं आणि मग फोनवर येतं. त्यात अशी हलती-उघडती यादी अडकू शकते. म्हणून महत्त्वाच्या चार वाटा तरी पानाच्या तळाशी साध्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात.

ही मेहेरबानी नाही

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना वापरता यावीत, हे त्यात आहे. सरकारी वेबसाइटी कशा असाव्यात याचे नियम केंद्र सरकारने 2009 मध्येच काढले होते. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. मोबाइलवर केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. ज्यांना ते शक्यच नाही, त्यांनी काय करायचं? न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून एखादा अर्ज तुमच्या फोनवर उघडला नाही, तर ‘मलाच जमत नाही’ असं लगेच म्हणू नका. आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे चालला, तर दोष तुमचा नाही, पानाचा आहे. तक्रार करताना फोनचं नाव, ब्राउझरचं नाव आणि पडद्याचा फोटो जोडा. दुरुस्त करणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

पैसे देण्याआधीच्या पाच परीक्षा

गटाच्या बैठकीत अर्ध्या तासात हे होतं.

1. पाच जणींनी आपापल्या फोनवर पान उघडायचं. एक फोन जुना हवा. क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा मिनी, सगळ्यांत बघा. शहरात कुणा नातेवाइकाकडे आयफोन असेल, तर त्यावरही उघडायला सांगा.

2. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सगळ्यांत मोठं करा. मग फोन आडवा धरा. काही कापलं गेलं का, एकावर एक चढलं का?

3. पान उन्हात नेऊन वाचा. बटणं बोटाला नीट लागतात का, की एक दाबताना दुसरंच दाबलं जातं?

4. सेवा केंद्रातल्या संगणकावर माउस बाजूला ठेवा. टॅब हे बटण दाबत पुढे जा. आपण कुठे आहोत हे चौकटीने दिसतं का? ऑर्डरपर्यंत पोहोचून एंटर दाबता येतं का?

5. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी शोधा आणि टॉकबॅक सुरू करा. मग एकदा बोट लावलं की फोन वाचतो, दोनदा टकटक केलं की बटण दाबलं जातं, आणि दोन बोटांनी पान सरकतं. बंद करायला तिथेच जा. डोळे मिटून एक पाकीट मसाला मागवून बघा. आपल्या गावात दृष्टिहीन ताई किंवा आजी असतील, तर त्यांनाच बोलवा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. त्यांचा वेळ लागतो, तेव्हा त्याचे पैसेही द्या.

यात जिथे अडलं, ते करणाऱ्याला लिहून द्या. शक्य असेल तर काम देतानाच कागदावर लिहून घ्या: ‘वेबसाइट डब्ल्यूसीएजी 2.2 च्या एए पातळीनुसार असेल, मजकूर युनिकोडमध्ये असेल, वर सांगितलेल्या सगळ्या ब्राउझरमध्ये ऑर्डर पूर्ण होईल, आणि शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच मिळेल.’ सुरुवातीपासून असं बांधायला फार जादा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर मोडून दुरुस्त करायला मात्र येतो. घराचा उंबरठा उंच झाला की नंतर उतार करताना फरशी फोडावी लागते, तसं.

एवढं केलं की आपल्या मसाल्याला मागणी आहे की नाही, याचा खरा हिशेब कळेल. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘वेबसाइटची परीक्षा’ हा विषय लिहून ठेवा, आणि जुना फोन असलेल्या मैत्रिणीला नक्की बोलवा. त्या दिवशी तिच्याच फोनची गरज सगळ्यांत जास्त आहे. नमस्कार.